उलटी घंटा अडवता येत नाही

मासानोरी इसोगाईच्या आयुष्यात सिद्धांत एकच होता, आणि तो त्याने भरपूर मार खाऊन मिळवला होता. 'वादळी मुठी' नावाच्या जुन्या मारामारीच्या खेळात गेनकाई नावाचा एक भिक्षू आहे. तो उंच उडी मारतो, हवेत उलटा होतो आणि घंटेसारखा तुमच्या टाळक्यात येऊन आदळतो. या वाराला म्हणतात उलटी घंटा. एरवी कुठलाही वार आला की यंत्रावरची दांडी मागे ओढून धरायची, म्हणजे पडद्यावरचा आपला गडी हात आडवे करून वाचतो. घंटेला मात्र, इसोगाईच्या मते, इलाजच नव्हता.

"ती आधी उचलते, मग आपटते," तो ज्याला त्याला सांगायचा. "माझा गडी हवेत जातो, दिसत नाही का तुम्हाला? हवेतला माणूस काय कपाळ अडवणार!"

पोटापाण्यासाठी इसोगाई गाडी चालवायला शिकवायचा. रस्त्यात अचानक सायकलवाला आडवा आला की शिकाऊ माणसं घाबरून सीटवरून अर्धी उठतात, आणि स्टिअरिंग भलतीकडे जातं. अशा वेळी इसोगाई बुद्धासारख्या शांतपणाने म्हणायचा, "बूड सीटला. घाबरलं की आधी बूड सीटला." या वाक्यावर त्याचं घर चालत होतं.

संध्याकाळी तो हिमेजी स्टेशनामागच्या गेम सेंटरमध्ये जायचा. तिथे समोरासमोर खेळणाऱ्यांची यंत्रं पाठीला पाठ लावून ठेवलेली असतात, त्यामुळे आपण कोणाचा मार खातोय त्याचं तोंड दिसत नाही. इसोगाईला यंत्रावरून फक्त एक लोकरी टोपी दिसायची. ती कुरामोचीची. कुरामोची माशाच्या वड्यांच्या कारखान्यात कामाला होता आणि कायम भिक्षू घेऊन खेळायचा.

"अरे, कधी तू भिक्षू घेऊन मला घंटा मारतोस तेव्हा मी अडवतो की!" कुरामोची म्हणायचा.

"माझी घंटा कच्ची असते. तुझी पक्की. पक्की घंटा अडवता येत नाही."

"म्हणजे तू हरतोस ते माझ्या थोरपणामुळे?"

"मी हरत नाही. पुरावे गोळा करतो."

हे बोलताना इसोगाईला स्वतःलाच हसू यायचं. हरण्याचं इतकं ऐसपैस कारण फार थोड्यांच्या नशिबी येतं, हे त्याला कळत होतं. मग दोघं कोपऱ्यावरच्या टपरीत ओदेन, म्हणजे रश्शात शिजवलेले मुळे-अंडी, खायला बसायचे. आलं घातलेल्या सोया सॉसमध्ये मुळ्याची चकती म्हणजे इसोगाईचा गडी, उकडलेलं अंडं म्हणजे भिक्षू, आणि काड्यांनी पुन्हा तीच लढाई. दुसरा विषय त्यांच्यात कधी निघालाच नाही. इसोगाईचे वडील गेले तेव्हा कुरामोची काळ्या कोटात आला, उदबत्ती लावली, हात जोडले, आणि निघताना इसोगाईच्या कानाशी पुटपुटला, "दांडी जरा आधी ओढून बघ." त्या दिवशी इसोगाईला एवढा एकच सांत्वनाचा शब्द कामी आला.

आणि आता कुरामोचीची बदली झाली होती, पार उत्तरेला होक्काइदोला, कुशिरोच्या कारखान्यात. हे त्याने मुळा चावता चावता सांगितलं. इसोगाईला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "तिकडे थंडी असेल." घरी जाताना त्याला स्वतःची लाज वाटली. घंटा सोडून या माणसाशी बोलायला आपल्याकडे काही नाही, आणि तो गेला तर आपल्याला फार जड जाणार आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

शेवटच्या रविवारी चिझुरू, इसोगाईची बायको, बरोबर आली. नंतर दोघांना तिच्या बहिणीकडे जायचं होतं. ती पर्स सांभाळत बघ्यांमध्ये उभी राहिली. सामना सुरू झाला, भिक्षू उडाला, घंटा आदळली.

"अहो, तुम्ही उठता कशाला?" चिझुरू म्हणाली.

"कोण उठतंय?"

"तुम्हीच! त्या भिक्षूने उडी मारली की तुम्हीही मारता. हातातल्या दांडीसकट."

इसोगाईने मागे वळून पाहिलं. नेहमीचे बघे एकदम छताचे दिवे न्याहाळू लागले. न विचारता दुसऱ्याच्या खेळाला नावं ठेवू नयेत, हा तिथला रिवाज. पलीकडच्या कुरामोचीला यंत्राआडून काही दिसणं शक्य नव्हतं. या बघ्यांना मात्र सगळं दिसत होतं.

"आम्हाला वाटलं, तुमची ती पद्धतच आहे," सेंटरचा म्हातारा मालक अवघडून म्हणाला.

इसोगाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दांडी वर गेली की गडी उडी मारतो. घंटा कोणालाच उचलत नव्हती. आपणच आपला गडी उडवून तिच्या तोंडी देत होतो, आणि वर त्याचा सिद्धांत करून गावभर मिरवत होतो.

दुसरा डाव सुरू झाला. भिक्षू पुन्हा उडाला. चिझुरूने नवऱ्याच्या खांद्यांवर दोन्ही हात दाबले आणि त्याचंच ते रोजचं वाक्य भर सेंटरमध्ये म्हणाली, "बूड सीटला!"

इसोगाईने दांडी मागे ओढली. गड्याने हात आडवे केले. घंटा अडली.

टोपी वर आली. कुरामोची यंत्राला वळसा घालून धावतच आला. "अडवलीस! लेका, अडवलीस! इतकी वर्षं काय सांगत होतो मी?" त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. मग तो हळूहळू उतरला.

"चला," कुरामोची म्हणाला, "मिटलं म्हणायचं."

तो शब्द इसोगाईला सगळ्या घंटांपेक्षा जोरात लागला.

"कसलं मिटलं? तू उशिरा मारलीस."

"उशिरा?"

"कच्ची होती. जायचंय म्हणून हात चुकला तुझा. पक्की घंटा अडवता येत नाही."

बघ्यांपैकी कोणीतरी खोकलं. कुरामोचीने इसोगाईकडे पाहिलं, चिझुरूकडे पाहिलं, टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तुझ्या डोक्यात भुसा भरलाय," तो जड आवाजात म्हणाला. "पोचलो की फोन करतो. नीट समजावावं लागेल तुला."

"कर की. मी घरीच असतो."

"जेवणाच्या वेळी तेवढा करू नका हं, भावजी," चिझुरू म्हणाली. "फोनवर बोलतानाही हे उठून उभे राहतात."