मास्तरांच्या पायाचं माप

कर्जतच्या पेठेतल्या चपलांच्या दुकानात माझा एक जुना विद्यार्थी कामाला आहे. मी समोरून निघालो की हाक येते, "मास्तर, या, माप घिऊ!" माझा पाय वर्षानुवर्षं आठ नंबरचाच आहे, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. पण नोकरांनी दुकानात बसायचं नाही, असा मालकाचा दंडक. गिऱ्हाइकाच्या पायात चप्पल चढवताना तेवढं स्टुलावर बूड टेकता येतं. म्हणून त्याचे गुडघे दुखले की माझा पाय मोजला जातो.

एकदा मी म्हणालो, "अरे, उभ्याने काम करणाऱ्यांना बसायला जागा द्यावी, असा कायदा आहे."

"मास्तर, कायदा आमच्या दुकानात आला, तर मालक त्यालाबी उभाच ठिवतील."

परवा बाजारच्या दिवशी पाहतो, तर दुकानात बिलं करणाऱ्या ताई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेल्या. सातवा महिना, पाय सुजलेले. हा त्यांच्या पायात चप्पल चढवत होता. मालक तरातरा आले, तसा हा भरल्या दुकानात मोठ्यानं म्हणाला, "मालक, ताईस्नी चप्पल घ्यायचीय. आज त्या गिऱ्हाईक हायेत!"

एवढ्या लोकांसमोर मालकांना हसून मागं फिरावं लागलं.

संध्याकाळी मी परत तिथून गेलो, तरी ताईंना एकही जोड पसंत पडलेला नव्हता.