पिवळा दोरा

"सखूबाई, हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेशील म्हणून स्वच्छ लिहिते. तुझ्या बोटांवर मी अकरा वर्षं जळले. तुझी बियाण्याची पिशवी अजून माझ्याकडंच आहे."

एवढं लिहून सुरेखाबाई थांबल्या. निवृत्तीनंतर चिकलठाण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना वेळच वेळ होता.

जळायला कारण होतं. सुरेखाबाई पीएच.डी.; टिक्का नि तांबेरा या पानांवरच्या रोगांना न जुमानणारा भुईमूग तयार करणं हे त्यांचं काम. सखूबाई संशोधन केंद्रातली रोजंदारीची बाई, लहानपण मेंढरांमागं गेलेलं. संकर मात्र दोघी शेजारी बसून करत. दुपारी चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा, खुणेला दोरा बांधायचा. सुरेखाबाईंचा लाल, सखूबाईचा पिवळा. लाल दोऱ्याची शंभरातली वीस फुलं धरायची, पिवळ्याची साठ.

"कसं गं जमतं तुला?"

"काय नाय म्याडम. तुमी फुलाला दमात घेता, म्या नुस्ता हात लावते."

त्या दिवशी सुरेखाबाईंनी डबा एकटीनं खाल्ला.

आठ हंगाम गेले. रोग पसरावा म्हणून मधे मधे मुद्दाम रोगट वाण पेरलेलं. सगळं रान ठिपक्यांनी करपलं, एकच ओळ हिरवीगार राहिली. वहीत तिचं मूळ शोधलं, तर पिवळा दोरा! पुढं ते वाण बाहेर पडलं, शाल सुरेखाबाईंच्या खांद्यावर पडली.

"म्याडम, मूठभर बी द्या," सखूबाई म्हणाली. "खुलताबादच्या रानात टाकते. बघू तर द्या, लेक सासरी कशी नांदती!"

"आणून देते."

पिशवी भरली, वर सखूबाईचं नावही लिहिलं. तेवढ्यात गोदामातून गडी कडूबा ओरडला, "ते सखूचं पोतं इकडं घ्या रं!" म्हणजे वाणाचं नाव 'सखू' असं मजुरांनी ठरवूनही टाकलं होतं. पिशवी पर्समध्ये गेली, ती थेट घरच्या कपाटात.

गेल्या आठवड्यात त्यांनी त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधले. एकही उगवला नाही. भुईमुगाचं बी फार दिवस टिकत नाही, हे त्यांनीच पोरांना जन्मभर शिकवलेलं.

केंद्रात एक फोन केला की ताजं बी मिळालं असतं. फोन कडूबाच उचलणार. "कोणतं पायजे म्याडम? सखूच ना?" म्हणणार. आणि त्यावर 'हो' म्हणावं लागणार.

सुरेखाबाईंनी फोन हातात घेतला, पत्रावर उपडा ठेवला नि त्या चहा टाकायला उठल्या.