विसर्जनाच्या दुपारी गेलेला ताबा

चाळमालकाची बायको अजून जिवंत आहे म्हणे. असू दे. तिचं वाटोळं व्हावं असं मी अजून म्हणते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोरिवलीतल्या आमच्या खोलीचा निकाल मालकाच्या बाजूने लागला होता. मुलाचं लग्न करायचंय, जागा हवी, असं त्याने कोर्टात सांगितलं आणि कोर्टाला ते पटलं. आम्ही अपील केलं. वकील म्हणाले, "सोमवारी स्टे मिळेल. तोवर घर रिकामं सोडू नका. आतलं माणूस आडवं आलं तर बेलीफला परत जावं लागतं, पोलीस मागवावे लागतात. पण एकदा ताबा गेला की स्टे काय चुलीत घालायचा?" बेलीफ एकदा आलाच होता. मी उंबरठ्यावर फतकल मारून बसले. गेला मुकाट परत.

मध्येच गणपती आले. आमचा दीड दिवसाचा. घरची रीत अशी, की मूर्ती निघाली तरी घर बंद करायचं नाही. समई तेवत ठेवून एक माणूस मागे थांबतं. सासूबाई गेल्यापासून ते माणूस मी. इतक्या वर्षांत मी आमच्या गणपतीचं विसर्जन पाहिलंच नव्हतं.

आरतीला मालकीणकाकू आल्या, दरवर्षीसारख्या. कोर्टकचेरी पुरुषांची, आपण बोलणं कशाला टाकायचं, असं त्या म्हणायच्या. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच करून दिले होते. प्रसाद खाऊन म्हणाल्या, "या वर्षी तू जा गं. मी बसते समईपाशी. तेल घालते."

नवरा म्हणाला, "नको, थांब तू."

मी म्हटलं, "काकू आहेत ना. आता त्यांच्यावर पण संशय घ्यायचा?" आणि गोराईच्या खाडीपर्यंत नाचत गेले मी, बावळट.

विसर्जन झालं की पाटावर मूठभर वाळू घेऊन घरी यायचं, मूर्तीच्या जागी तो पाट ठेवायचा आणि आरती करायची. नवरा पाट घेऊन जिना चढला आणि वर जाऊन थबकला. गॅलरीत आमच्या गाद्या, रॉकेलचा स्टोव्ह, मुलांची दप्तरं. दाराला नवं कुलूप. शेजारणीने खाली मान घालून सांगितलं, आम्ही निघालो तसा बेलीफ आला. दार काकूंनीच उघडलं. अडवायला आत आमचं कोणी नव्हतं.

मी काकूंचं दार बडवलं. त्या बाहेर आल्या आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. वारा लागू नये म्हणून गाद्यांच्या आडोशाला आमची समई ठेवलेली होती, पेटलेली.

"तेल घातलंय," त्या म्हणाल्या. "विझू दिली नाही."

देवापुढचा दिवा फुंकू नये म्हणतात. मी तिच्यादेखत फुंकला.

सोमवारी स्टे मिळाला. तेव्हा आम्ही मालाडला भावाच्या मोरीशेजारी पथारी टाकून होतो.