एका रेणूतून वीज

पेणहून रोह्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक वयस्क गृहस्थ माझ्या शेजारी बसत. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तरुणपणी मुंबईतलं रेणूंवरचं संशोधन अर्ध्यावर सोडून ते धरमतरच्या घरी परतले होते. आता आमच्या रंगाच्या कारखान्यात माल तपासत. बोलता बोलता खिडकीच्या धुळीवर बोटानं षटकोन काढायचे.

"हा एकच रेणू. याच्यातनं वीज गेली, तर अख्खं यंत्र पोस्टाच्या तिकिटावर मावंल. जाणार, व्हय की नाय?"

मी "व्हय" म्हणायचो. तेवढ्यानं ते खूश व्हायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पेपरात छोटी बातमी आली. परदेशात कुणीतरी एकाच रेणूतून वीज गेलेली मोजली होती. मी ती त्यांना दाखवली.

"म्हंजे जाते!" त्यांचा चेहरा उजळला. मग नागोठणं मागे पडेपर्यंत ते तीच बातमी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बसमध्ये पेढे वाटले.

"काय, नातू झाला वाटतं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाय हो. एक काम पुरं झालं."

"तुमचं?"

ते हसले आणि पेढ्यांचा पुडा त्यांनी पुढच्या माणसासमोर धरला.