ताईच्या लाल रिबिनी

आज सकाळी आमचा कृष्ण गेला.

माझी थोरली बहीण होती ती. शालन. पडद्यावर 'बेबी शालन'.

आम्ही अंबरनाथचे. दादा, म्हणजे आमचे वडील, आजारपणामुळे नोकरी सुटून घरी बसलेले. आई काज-बटणांचं काम आणायची, उल्हासनगर कॅम्प चारच्या टेकचंदकाकांकडून. ते सिनेमाचे कपडे शिवायचे. ताईची चुरूचुरू बडबड ऐकून एक दिवस त्यांनीच मायलेकींना स्टुडिओत नेलं.

तिथे मुलगी नको होती. हीरोचं लहानपण करायला मुलगा हवा होता.

तेव्हा अशी कामं सर्रास मुलींना द्यायचे. आईने तिच्या दोन्ही वेण्या कापल्या. ताई रडरड रडली.

टेकचंदकाका म्हणाले, "रोती काहे को है, साईं? बाल तो फिर आ जाएगा."

कसले येतायत! वाढायच्या आत पुढचं शूटिंग हजर. आज राजपुत्र, उद्या ध्रुव. मग बाळकृष्ण केला, आणि तो पिक्चर तुफान चालला.

घर तिच्या कामावर चालत होतं, हे तिला त्या वयातही कळत होतं. म्हणून तिने केसांचा हट्ट कधी धरला नाही.

माझ्या वेण्या मात्र रोज तीच घालायची. इतक्या घट्ट, की माझे डोळे ताणले जायचे. मी ओरडले की म्हणायची, "गप बस गं. तुला आहेत ना, मग बस."

त्या वर्षी महाशिवरात्रीला आम्ही शिवमंदिराच्या जत्रेत गेलो. ताई रिबिनींच्या दुकानापाशी थबकली. लाल रिबीन बोटाला गुंडाळून बघत होती.

तेवढ्यात गावाकडची एक बाई कडेवर तापलेलं पोर घेऊन आली. तिने ताईला ओळखलं, आणि भर जत्रेत तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"किसना, माज्या पोराला बरा कर रं!"

मी फिस्सकन हसणार होते. ताईने माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू घशातच राहिलं.

तिने रिबीन हळूच परत ठेवली. पिक्चरमध्ये करायची तसाच हात उचलला, आणि पोराच्या कपाळावर ठेवला.

"याला डॉक्टरकडे पण ने हं," म्हणाली. बाई डोळे पुसत गेली.

मी म्हटलं, "ताई, रिबीन घे ना."

"नको. ती बघत असेल अजून. कृष्ण रिबिनी घेतो का गं?"

नऊ वर्षांची होती हो ती.

पुढे ती उंच झाली, आवाज बदलला, मुलाची कामं बंद झाली. आई काळजीने खंगली आणि ही बया खुशीत! रोज केसांना तेल लावून आरशासमोर. बराच काळ कुणी बोलावलं नाही. मग बोलावणी आली ती हिरॉइनच्या मैत्रिणीची, नंतर वहिनीची, शेवटी आईची.

हिरॉइन ती कधीच झाली नाही. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. ती हसून म्हणायची, "अगं, वेणी तर मिळाली ना प्रत्येक रोलमध्ये!"

नंतर काम सोडून ती अंबरनाथलाच राहिली. शेवटपर्यंत तिची वेणी कमरेपर्यंत होती. पांढरीशुभ्र.

आज शेजारच्या बायका म्हणाल्या, "मावशी, केस राहू देत मोकळे."

मी नाही ऐकलं. बसले तिच्या उशाशी. दोन वेण्या घातल्या. नातीला पाठवून लाल रिबिनी आणवल्या आणि बांधल्या. घट्ट नाही बांधल्या, ताई. तुझ्यासारख्या नाही.

जा आता सावकाश.

वाटेत कुणी देव समजून पाया पडायला लागलं, तर या वेळी सांगून टाक, मी शालन आहे म्हणून.

आणि रिबिनी सोडू नकोस.

तुझी धाकटी.