परत गेलेली पोती

आमच्या चुलत भावजींइतका सरळ गिरणीवाला सगळ्या कर्जत तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका राग मला जन्मात दुसऱ्या कुणाचा आला नाही. सरळ माणसाजवळ राहायला फार सोसावं लागतं. लबाडाला निदान चार शिव्या देऊन मोकळं होता येतं.

त्यांची इंजिनावरची पिठाची गिरणी होती. सकाळी रिकाम्या गिरणीत पहिलं दळण टाकलं की त्यातलं ओंजळभर पीठ आतच राहतं, म्हणून बायका दुसऱ्या नंबरासाठी भांडायच्या. बाकीचे गिरणीवाले मजा बघायचे. भावजी रोज पहिलं दळण स्वतःच्या घरचं टाकायचे. म्हणायचे, "लोकांच्या पिठानं माज्या गिरनीनं कशाला पोट भरावं?" गिरणीच्या दगडांना छिन्नीनं टाकी लावली की पहिल्या पिठात कच येते. तेही पीठ त्यांच्याच घरी जायचं, आणि माझी जाऊ दोन दिवस दाताखाली कचकच करत नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची. एवढ्यावर भागत नव्हतं. भर दुपारी कुणाच्याही दारात उभे राहून म्हणायचे, "भाकरीचा तुकडा द्या जरा." आपण पीठ कसं दळलं ते त्यांना चावून बघायचं असायचं. गावात नव्यानं आलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांना भिकारी समजून शिळी चतकोर भाकरी वाढली. भावजींनी ती उभ्या उभ्या चावली आणि म्हणाले, "बाई, जाडसर झालंय. डबा पाठवा, पुन्हा दळून देतो."

बहात्तरच्या दुष्काळात दळायला धान्यच राहिलं नाही. रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, तेवढा यायचा. माझा नवरा आधीच गेलेला. गिरणीच्या ओट्यावर धान्य निवडायचं आणि त्या मजुरीवर चूल पेटवायची, अशा आम्ही चौघीजणी होतो. काम कमी होत होत दिवसाला एका पोत्यावर आलं होतं. अशात एक ठेकेदार ट्रक घेऊन आला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या लोकांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठात गूळ घालून केलेलं खाणं, वाटायची होती, तिच्यासाठी पीठ हवं होतं. उन्हाळाभर माल येत राहील म्हणाला. मी तर सूप झटकून बसलेसुद्धा.

भावजींनी पोत्यात हात घातला आणि मूठ नाकाशी नेली. धान्य कुबट, किडीनं पोखरलेलं. मला म्हणाले, "वैनी, एवढं दळून देतो, भाकर टाका." मी टाकली. एक तुकडा त्यांनी खाल्ला आणि दुसरा ठेकेदारापुढं धरला.

"माजं आज पोट बिघडलंय," ठेकेदार म्हणाला.

"मग दुसऱ्यांचं कशाला बिघडवता? उचला पोती."

"अवो, चांगल्या मिलोत मिसळून बारीक दळा. गुळात कुनाला कळतंय?"

"मला कळतंय न्हवं?"

ठेकेदार हसला आणि ट्रक घेऊन श्रीगोंद्याकडं निघून गेला. आमचं काम त्या ट्रकच्या धुरळ्यात गेलं.

मी सूप आपटलं. "लई मोटं काम केलंत, भावजी! तुमचं नाव ऱ्हायलं. आमच्या चौघींच्या चुलीचं काय? आमी हितं बसलोय, ते दिसलं तरी का तुमाला?"

त्यांचं तोंड पडलं. खरंच दिसलं नव्हतं. "वैनी, खानाऱ्यांचा इचार केला. तुमचा ऱ्हायला."

"ऱ्हायला म्हंजी? आमी काय गिरनीचा पट्टा हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी खडीच्या कामावर गेलो. बघते तर भावजी गिरणी संध्याकाळपुरती ठेवून, हातोडा घेऊन आमच्या शेजारी बसलेले! बायका पदराआड हसल्या. तिथंही गप्प नाहीत. सुकडी आली की आधी चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, आणि मुकादम ओरडायचा, "ओ गिरनीवाले, तुमी काय डाक्टर हाय का?" आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एकदा हातोडा त्यांच्या अंगठ्यावर बसला. चिंधी बांधता बांधता मी बोललेच. "सडकं दळू नका, आसं मीच म्हनले आसते. चौघी बी म्हनल्या आसत्या, उपाशी ऱ्हाऊन म्हनल्या आसत्या. पर तुमी इचारलंच न्हाई. आमच्या वाट्याचा चांगुलपना बी तुमीच करून टाकला."



पुढं पाऊस झाला, गिरणी दिवसभर चालायला लागली आणि आम्ही ओट्यावर परत बसलो. पण भावजींनी माझा जीव नकोसा केला. "वैनी, पट्टा बदलू का?" "मिरची सोमवारी दळावी का मंगळवारी?" "ओट्यावर पत्रा टाकू का कूड घालू?" चौघींना एकेकीला विचारायचे आणि चौघींची चार उत्तरं घेऊन डोकं धरून बसायचे. मी म्हणायची, बरी खोड मोडली.

पुढं वर्षं गेली, बाकीच्या तिघी गेल्या. भावजींचे गुडघेही गेले. परवा काठी टेकत माझ्या दारात आले आणि पायरीवर बसले.

"वैनी, आता होत न्हाई. गिरनी बंद करू का?"

"मला काय इचारता? मालक तुमी!" मी खेकसले.

ते पायरीवरून हलले नाहीत. मी चहा टाकला. तो संपला तसा आणखी टाकला. पण 'करा' एवढा दोन अक्षरी शब्द काही माझ्या तोंडातून निघेना.