नाव कुठे दिलंय?

माझा मामा फ्लेक्स छापतो. वाढदिवसाचे, निवडून आलेले, पडलेले, देवाघरी गेलेले, सगळे चेहरे तो एकाच गुलाबी रंगात उजळून देतो. त्याच्या दुकानातून निघालेला मेलेला माणूस जिवंतपणी कधी नव्हता इतका टवटवीत दिसतो. एवढ्या गुणांवर त्याने समाधान मानलं असतं तर आम्ही सगळे सुखात राहिलो असतो.

पण एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सहज विचारलं, "मंडळीचं फेसबुक पेज कुणी चालवेल का?" तरुण पोरांनी बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. मामाने हात वर केला. त्या दिवसापासून तो मामा उरला नाही, अ‍ॅडमिन झाला. अ‍ॅडमिनने चर्चमध्ये कुठे बसावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तेव्हा मामाने आपला फोनचा स्टँड पाळकांच्याही एक पायरी वर मांडला. तिथून अँगल चांगला येतो म्हणे.

प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मंडळीचे डोळे मिटलेले असत आणि मामाचे टक्क उघडे. याला तो सेवा म्हणायचा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळ रडलं की तो पुन्हा रडवता येईल का बघायचा. एका दफनविधीत त्याने विधवेला "काकू, जरा इकडे" म्हटलं, आणि ती बिचारी सवयीने इकडे बघून हसली. तो फोटो पेजवर आहे. खाली लोकांनी टाकलेली फुलं आहेत.

दर रविवारी तो लाइव्ह जायचा. "बाहेरगावचे लोक जोडलेत, शांतता राखा," असं वेदीजवळून ओरडून सांगायचा. जोडलेले तिघे होते. पहिल्या बाकावर बसलेली मामी, तिला घरून तशी सक्त ताकीद असायची. दुकानात उघडा ठेवलेला कॉम्प्युटर. आणि मी, कारण माझ्या फोनवरची घंटी त्याने स्वतःच्या बोटाने दाबून दिली होती.

इथवर हसण्यावारी नेता आलं. पुढचं नाही.

आमच्याकडे महिन्यातून एकदा बायकांची प्रार्थनासभा भरते. दार लावून घेतात. ज्या बाईला जे सलतंय ते ती मोठ्याने सांगते, बाकीच्या तिच्यासाठी प्रार्थना करतात, आणि उठताना पाळकबाई एकच वाक्य म्हणतात, "खोलीतलं खोलीत." कितीतरी वर्षं खोलीतलं खोलीत राहिलं. कुणाचा नवरा हात उगारतो, कुणाच्या छातीत गाठ आहे, सगळं त्या खोलीला ठाऊक होतं आणि बाहेरच्या पायरीला नव्हतं.

तिथे शिलाईवाली मावशी बोलली. ती आमची नात्याने कुणी नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाच्या बाह्या तिने उसवून मोठ्या केल्यात, म्हणून सगळ्यांची मावशी. तिचा मुलगा बरीच वर्षं प्यायचा. आता दारू सुटली होती. त्याला शाळेच्या व्हॅनवर नोकरी लागली होती, पोरं त्याला व्हॅनदादा म्हणत होती. मावशी म्हणाली, "बायांनो, एवढं टिकू दे. संध्याकाळी फाटकाची कडी वाजेपर्यंत माझा पाय मशीनवर चालत नाही."

मामीने घरी येऊन हे मामाला सांगितलं. वाईट हेतूने नव्हे. त्यानेही दोन शब्द प्रार्थना करावी म्हणून. मामाने जेवता जेवता पोस्ट टाकली.

"प्रार्थना विनंती. एका भगिनीचा मुलगा, नाव देत नाही, दारूच्या बंधनातून नुकताच सुटला आहे. टाकीमागच्या गल्लीत, निळ्या फाटकाच्या घरात, शिलाई मशीनवर राबणाऱ्या या माउलीचे अश्रू प्रभूने पाहिले. आज तो आपल्या लेकरांची व्हॅन चालवतो. आमेन लिहा आणि पुढे पाठवा."

वर चित्रही हवं. मामाने कुठूनतरी एक फुटलेली बाटली आणि एक शाळेची गाडी उतरवून घेतली आणि कलाकार असल्यामुळे बाटली गाडीच्या पुढ्यात ठेवली.

लोकांनी आमेन लिहिलं. लोकांनी पुढेही पाठवलं. संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर पोचलं, आणि तिथे कुणी आमेन लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी व्हॅनदादाला आत बोलावलं. "तुमच्याबद्दल तक्रार नाही हो. पण पालक पेटलेत. थोडे दिवस घरी राहा." थोडे दिवस म्हणजे किती हे जगातला कुठलाही मुख्याध्यापक सांगत नाही. चावी टेबलावर ठेवून तो चालत घरी आला.

मी तडक दुकानात गेलो. मामा कुणा सभासदाच्या गालावरचा चामखीळ पुसत होता.

"मामा, काय करून ठेवलंस हे?"

"नाव कुठे दिलंय?"

"गल्ली दिलीस, फाटकाचा रंग दिलास, आईचा धंदा दिलास. आधार नंबर तेवढा राहिला."

"अरे, लोक प्रार्थना करतायत! कॉमेंट बघ की."

"त्याची नोकरी गेली."

मामाचा हात माउसवर थांबला. वाटलं, शरमला. तो म्हणाला, "मग त्यासाठीही विनंती टाकायला पाहिजे."

आणि टाकली. "एका बंधूची नोकरी गेली आहे, प्रार्थनेत आठवा." या वेळी फाटकाचा रंग दिला नाही. सुधारणा म्हणायची.

रविवारी व्हॅनदादा आला नाही. मावशी आली. पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाची काही विनंती?" मावशी उठली. मामाने लगेच फोन तिच्याकडे वळवला.

"माझी विनंती आधी त्या फोनला आहे," मावशी म्हणाली. "तो मिटवा, मग बोलते."

"मावशी, लाइव्ह आहे," मामा दबक्या आवाजात म्हणाला. "बाहेरगावचे लोक बघतायत."

"कोण बघतंय? ही?" तिने मामीकडे बोट दाखवलं. मामीने फोन पदराखाली घेतला. बाहेरगावची एकतृतीयांश जनता तिथल्या तिथे कमी झाली.

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मामा हलेना. शेवटी पाळकसाहेब व्यासपीठावरून उतरले. आयुष्यात कधी कुणाला मोठ्याने न बोललेला माणूस. त्यांनी खिशातला रुमाल काढला, झटकला आणि फोनवर घातला, पिंजऱ्यावर रात्री फडकं टाकतात तसा.

"बोला बाई."

"तो प्यायलेला नाही," मावशी म्हणाली. "पण घरात बसून भिंतीकडे बघतो, आणि मी त्याच्याकडे. आमच्यासाठी आमेन नका लिहू. दुपारी घरी या. ज्याला यायचंय त्याने आत येताना फोन ठेवून यावं."

आमेन लिहिणारे शेकड्यांनी होते. दुपारी निळ्या फाटकाशी आले पाळकसाहेब आणि पाळकबाई, बेकरीवाले काका आणि मी. आणि सगळ्यात मागून, मामीने पाठीत कोपर खुपसून आणलेला मामा.

मावशीने मशीनचा ड्रॉवर ओढला. आम्ही दोऱ्याच्या रिळांवर फोन ठेवले. मामाचा नंबर आला तेव्हा त्याने विचारलं, "व्हायब्रेटवर ठेवला तर?" मावशीने नुसता ड्रॉवर आणखी बाहेर ओढला.

खोलीत शिवून टांगलेले कपडे होते, एक खाट होती, आणि खाटेवर व्हॅनदादा. मामाचा हात दर थोड्या वेळाने खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी तोच बोलला.

"नाव नव्हतं दिलं रे मी."

"माहितीये," व्हॅनदादा म्हणाला. "पोरांनी चित्रावरून ओळखलं. एकीने फाटकाशी येऊन विचारलं, दादा, ती बाटली तुझी का? मी हो म्हटलं. आता खोटं काय बोलू? सात वर्षांची पोरगी आहे."

मामाने पहिल्यांदाच कुणाचा चेहरा पडद्याशिवाय इतका वेळ पाहिला असावा. "चुकलं," तो म्हणाला, आणि पुढे काहीतरी जोडणार होता, पण मामीने खाकरून दाखवलं.

बेकरीवाले काका तोवर व्हॅनदादाच्या हातांकडे बघत होते. "तुझे हात थरथरत नाहीत," ते म्हणाले. "माझा गाडीवाला उशिरा येतो आणि पाव दाबून आणतो. पहाटे उठशील?"

"काका, तुम्ही पोस्ट वाचलीत ना?"

"मी तुला पडलेला उचलून घरी आणलाय दोनदा. मला कशाला पोस्ट?" काका उठले. "आणि पावांना पालक नसतात. ये उद्या."

मावशी मशीनवर जाऊन बसली आणि कुणाचीतरी बाही सुईखाली सरकवली. पायाखाली मशीन चालू झालं तेव्हा आम्ही निघालो. मामाने ड्रॉवरमधून फोन घेतला आणि फाटकाबाहेर पडायच्या आधीच टाइप करायला लागला, "प्रार्थनेला उत्तर." पाळकसाहेबांनी हात पुढे केला. मामाने पुसून टाकलं.

आता पेजवर पाळकबाईंनी पाहिल्याशिवाय काही जात नाही. उपासनेची वेळ, दफनविधीची वेळ, कुणाला रक्त हवंय तर तेवढं, तेही घरच्यांना विचारून. मागच्या महिन्यात "चर्चचे पंखे दुरुस्त झाले आहेत" अशी पोस्ट होती. मामाने आजवर टाकलेल्या सगळ्या सूर्यास्तांच्या फोटोंना मिळून जेवढी दाद मिळाली नव्हती तेवढी त्या पंख्यांना मिळाली. मामा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

व्हॅनदादा रोज पहाटे मामाच्या दुकानाच्या पायरीवर पावाची पिशवी ठेवतो. परवा मामाला राहवलं नाही.

"पावाचा तरी एक फोटो काढू का रे?"

"पावाचा काढा. माझा हात येऊ देऊ नका."

मामाने चारदा अँगल बदलून काढला आणि मला पाठवला. व्हॅनदादाचा हात नाही आलेला, मी मोठा करून पाहिलं. अर्ध्या फोटोवर मामाचाच अंगठा आहे.